पेटीच्या तळाशी सापडलेला रस्ता

"म्हणजे सर, आमचा रस्ता गेला का?" वनमालाबाईंनी विचारलं. मी चष्मा काढला आणि "हो" म्हणालो.

सौंसरच्या तहसील कचेरीसमोर मी जुन्या इंग्रजी कागदांचं भाषांतर करून देतो. सव्वीस वर्षं झाली. वनमालाबाई रामाकोन्याच्या. दोन एकर संत्र्याची बाग. शेजारच्या बागेतून त्यांची बंडी, म्हणजे बैलगाडी, पिढ्यान्‌पिढ्या जायची. तिथे नव्या मालकाने तारा ओढल्या. संत्री झाडावर पिकलेली आणि बाहेर काढायला वाट नाही. दुसऱ्या दिवशी तहसीलदारांपुढे सुनावणीची पेशी. हाती फक्त त्या शेजारच्या जमिनीचा इंग्रजांच्या काळातला एक करार.

त्यात चौदा ओळींचं एकच वाक्य. त्या काळच्या साहेबांना पूर्णविरामाची ॲलर्जी असावी. वाक्याच्या पोटात वाक्य, त्याच्या पोटात आणखी एक. कोणीही, पायी अथवा गाडीने, स्वतः अथवा नोकराकरवी, या जमिनीतून जाणार नाही... सहाव्या ओळीला माझा दम संपायचा. मी मराठी मीडियमचा. डिक्शनरी घोटून इंग्रजी शिकलो. शब्द सगळे कळत होते, पण पुढे जाऊन मागचं हरवत होतं. खाली नुसती नावं-निशाण्या असतील असं धरून मी थांबलो. सव्वीस वर्षांचा माज, दुसरं काय!

"तुमी वरूनच पाहून राहिले, सर," बाई म्हणाल्या. पांढुर्ण्याच्या मंडीत त्यांनी वीस वर्षं संत्री निवडली होती. "वरचा थर तं कोणीबी चांगलाच लावते. आमी पेटी उलटी करतो. खालचा माल पायल्याशिवाय भाव नाही बोलत."

मला राग आला. आता ही बाई मला इंग्रजी शिकवणार? पण त्याच रागात मी शेवटच्या ओळीपासून वर वाचत आलो. नवव्या ओळीत 'प्रोव्हायडेड दॅट' बसलेलं. जुन्या दस्तांत याचा अर्थ 'मात्र'. वर मनाई सांगून झाली की खाली सूट सांगायची, ही त्यांची पद्धत. मात्र, मागच्या बागेच्या, म्हणजे बाईंच्याच बागेच्या, मालकाला व वारसांना बंडी नेण्याचा हक्क कायम राहील!

"बाई, रस्ता आहे!" मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की समोरचा चहावाला बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी नव्या मालकाच्या वकिलांनी पहिल्या सहा ओळी रुबाबात वाचल्या आणि ते बसले. मग भाषांतरकार म्हणून मला पुकारलं. मी कचेरीच्या हिंदीत म्हणालो, "साहब, वाक्य अभी खत्म नहीं हुआ."

"तो आगे पढ़िए," तहसीलदार म्हणाले.

मी वाचलं. चौदाच्या चौदा ओळी. तहसीलदारांनी मूळ कागदावर बोट ठेवून खात्री केली. वकीलसाहेब आपल्या प्रतीत नववी ओळ शोधू लागले. काय आनंद झाला म्हणून सांगू! तारा काढायचा हुकूम त्याच दिवशी झाला.

पंधरा दिवसांनी बाई पेटीभर संत्री घेऊन आल्या. मी त्यांच्यासमोरच पेटी उलटी केली. सगळ्यात मोठी संत्री तळाशी होती.

बाई हसल्या. "आता येते सर तुमाले वाचता."