खळवाल्या काकांचं सूप

गल्लीत त्यांना सगळे खळवाले काका म्हणत. पुस्तकं बांधायचा त्यांचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीत पाऊल टाकलं की आधी खळीचा वास यायचा, मग काका दिसायचे. तयार गोंद मिळायला लागून जमाना झाला, पण काका खळ स्वतः शिजवत. डब्यात पीठ कालवायचं, मंद आचेवर ठेवायचं आणि लाकडी चाटूनं ढवळत राहायचं. चाटू उचलला की खळ सलग धारेनं पडायला हवी. तुटक पडली तर पुठ्ठा सुटतो, हे त्यांचं शास्त्र. एरवी माणूस इतका अबोल, की गिऱ्हाईक दारात आलं तरी ‘या’ म्हणायच्या ऐवजी नुसता खाकरायचा.

काकूंचं पोट कित्येक वर्षं बिघडलेलं होतं. औषधं झाली, उपास झाले. शेवटी एका डॉक्टरांनी नेमकं दुखणं शोधलं. गव्हात ग्लूटेन म्हणून काहीतरी असतं, ते काकूंच्या आतड्यांना सोसत नाही. गव्हाचा कणसुद्धा पोटात जाता कामा नये. पथ्य कडक पाळलं तर अंग धरतील, नाहीतर अशाच झिजत जातील. काकू तोवर इतक्या वाळल्या होत्या की ओट्यापाशी उभं राहायचीही ताकद उरली नव्हती. तेव्हा काकांनी जन्मात पहिल्यांदा स्वयंपाकघर ताब्यात घेतलं.

परगावच्या लेकीनं फोनवर धीर दिला. “बाबा, उगाच घाबरू नका. कोपऱ्यावरच्या दुकानात ग्लूटेन नसलेली सूपं मिळतात. पाकीट फोडा, पाणी घाला, उकळा. झालं जेवण.” पथ्यासाठी म्हणून तिनं एक नवंकोरं पातेलं पाठवलं आणि बजावलं, “ह्याला धातूचा चमचा लावायचा नाही हं. लेप निघतो.”

काका आज्ञाधारक. ढवळण्याजोगी लाकडाची वस्तू घरात एकच होती. त्यांनी खळीचा चाटू गरम पाण्यानं खसखसून धुतला आणि सूप ढवळायला घेतला. धुतल्यावर लाकूड ते लाकूड, एवढाच विचार त्यांनी केला. सकाळी चाटू खळीत, दुपारी सूपात, असं सुरू झालं.

सूपांची परीक्षा मात्र ते मन लावून करत. चष्मा कपाळावर चढवून, पाकीट नाकाला लावून बारीक अक्षरं वाचत. गहू नाही ना, जव नाही ना. मग चाटू उंच धरून धार बघत.

“टोमॅटोचं पातळ आहे,” ते सांगत. “ह्यानं पान काही चिकटायचं नाही.”

“मला प्यायचंय हो, चिकटवायचं नाहीये,” काकू आतून म्हणत.

टोमॅटोचं झालं, भोपळ्याचं झालं, मसुराचं झालं. काकू वाटी संपवत आणि थोड्या वेळानं भिंतीकडे तोंड करून पडत. पोट फुगायचं, कळा यायच्या. तक्रार करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. एकदा एवढंच म्हणाल्या, “सगळ्या सूपांना मागून एकच चव कशी लागते हो? पिठूळशी?”

“आजारपणात तोंडाला चव नसते,” काकांनी निकाल दिला.

पण काकूंचं ते भिंतीकडे वळलेलं तोंड त्यांना बघवेना. आपण एवढं निगुतीनं करतो आणि बाई बरी होत नाही, म्हणजे पाकिटातच खोट असणार. हा विचार एकदा डोक्यात शिरला आणि घर करून बसला. एका संध्याकाळी, कोपऱ्यावरचं दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना, काका रिकामी पाकिटं घेऊन आत गेले आणि ती त्यांनी गल्ल्यावर आपटली.

“लोकांच्या जिवाशी खेळता? वर काहीही छापायचं आणि आत गहू भरायचा?”

दुकानदारीण चाळिशीची, हसऱ्या तोंडाची बाई. ती गोंधळलीच. काकांचा आवाज तिनं कधी ऐकलाच नव्हता. “काका, असं कसं होईल? माझ्या भाच्यालाही गहू चालत नाही. तो हीच सूपं खातो.”

“मग भाच्याला विचारा, पोट धड आहे का त्याचं!”

रांगेतल्या एका ड्रायव्हरनं हातातलं पाकीट गुपचूप फळीवर परत ठेवलं. बाईचा चेहरा लालबुंद झाला. काका ताठ मानेनं घरी आले.

“तुम्ही ओरडलात? तुम्ही?” काकूंना खरंच वाटेना. मग त्या उशीवर मान टेकवून कौतुकानं हसल्या. “माझ्यासाठी!”

काकांना त्या दिवशी आपली उंची वाढल्यासारखं वाटलं.

पुढच्याच दुपारी, दुकान बंद असायच्या वेळेला, ती बाई दारात उभी. हातात सूपाचं नवं पाकीट.

“काका, भांडायला नाही आले. माझ्या डोळ्यांदेखत हे करा. काकूंना त्रास झाला तर सगळा माल टाकून देते. पण माझ्या मनाला लागलंय हो.”

काकांनी पातेलं चढवलं. मग पुढच्या खोलीत गेले, खळीच्या डब्यात उभा असलेला चाटू उचलला, नळाखाली धरला, फडक्यानं पुसला आणि पातेल्याकडे वळले. बाईनं त्यांचा हात वरच्यावर धरला.

“काका, ती खळ कशाची असते?”

“मैद्याची,” काका म्हणाले. नेहमीच्या सवयीनं म्हणाले, आणि मग तोंड तसंच उघडं राहिलं.

चाटूच्या लाकडाच्या भेगाभेगांत वर्षानुवर्षांची खळ मुरून पिवळी पडली होती. गरम सूपात ती रोज थोडी थोडी सुटत असणार. पिठूळशी चव! काकू म्हणाल्या होत्या. काकांना मान वर करवेना. डोळे बाईच्या चपलांवर खिळले.

“झालं का हो सूप?” आतून हाक आली.

बाईनं चाटू हळूच बाजूला ठेवला, पातेलं घासून घेतलं आणि कपाटातून स्टीलचा चमचा काढला.

“लेप निघेल,” काका पुटपुटले. त्या क्षणी त्यांना एवढंच सुचलं.

“निघू दे, काका.”

तिनं सूप केलं, वाटी काकूंच्या हातात दिली, दोन शब्द बोलली आणि निघून गेली. काय घडलं ते तिनं काकूंना सांगितलं नाही. तिनं सांगितलं असतं तर काका सुटले असते.

संध्याकाळ झाली तरी काकू भिंतीकडे वळल्या नाहीत. उलट उठून बसल्या. “बघा, तुम्ही ओरडलात त्याचा गुण आला. मुकाट्यानं चांगला माल आणून दिला की नाही! आधी खोटाच देत होती. समोरच्या वहिनींनाही सांगून ठेवते, तिच्याकडून काही घेऊ नका म्हणून.”

“हं,” काका म्हणाले.

ते पुढच्या खोलीत जाऊन बसले, एका वहीचा पुठ्ठा उगाच दाबत राहिले. बायकोला आपल्या हातानं रोज दुखणं पाजलं. वर ज्या बाईनं आपली लाज झाकली, तिचंच नाव खराब होऊ देतोय. आत काकू पायांत चपला सरकवत असल्याचा आवाज आला. वहिनींकडे निघाल्या होत्या. भिंतीचा आधार घेत का होईना, कित्येक दिवसांनी आपल्या पायांनी निघाल्या होत्या.

काका दारात आडवे आले. “थांब. ती खोटं देत नव्हती. मीच...” आणि त्यांनी चाटू दाखवला.

काकूंना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा आधी हसू फुटलं. “म्हणजे खळ पाजून मला पुठ्ठ्यात बसवायचा बेत होता की काय तुमचा?” पण हसता हसताच चेहरा बदलला. “मी म्हणाले होते, चव वेगळी लागते. तुम्ही म्हणालात, माझ्याच तोंडाला चव नाही.”

काका चाटूच्या भेगा नखानं कोरत राहिले.

“मला सांगितलंत, ठीक,” काकू चपला काढत म्हणाल्या. “तिला बोललात ते चारचौघांत. ते घरात बसून कसं फिटेल?”

सकाळी काका दुकानाच्या समोर येऊन थांबले. गर्दी कमी झाली की जाऊ, असं म्हणत बराच वेळ खांबाला टेकून राहिले. गर्दी काही कमी होईना, आणि कमी होण्याची वाट आपण का बघतोय ते त्यांचं त्यांनाही कळत होतं. शेवटी ते आत शिरले. रांगेत भाजीवाली होती, तोच ड्रायव्हर होता, आणखी कोणकोण होतं. काका गल्ल्यापाशी गेले आणि खाली बघत काहीतरी बोलले.

“राहू द्या ना काका,” बाई घाईघाईनं म्हणाली. “कळलं मला.”

“काय म्हणाले ते?” मागून ड्रायव्हरनं विचारलं. “आजोबा, इकडे ऐकू नाही आलं.”

काका रांगेकडे वळले आणि सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगू लागले, ह्या वेळी मोठ्यानं.