व्हय म्हणलात का न्हाई?

चांगुणाबाई उगलेचा आवाज काढायचा तर घशाच्या आधी कंबर जमवावी लागते. डावा हात कंबरेवर, उजव्या हातात नसलेला पळा, आणि रांगेतल्या शेवटच्या पोराला ऐकू जाईल असं म्हणायचं, "ए, ताटल्या आधी धुवा, मंग या! तुमच्या बापाचं लगीन न्हाई हितं!" तिच्या खिचडीवर टेकाडवस्तीची शाळा चौदा वर्षं जेवली. मीही चार वर्षं जेवलो. मीठ कधी जास्त पडलं नाही, शिव्या कधी कमी पडल्या नाहीत.

जामखेडच्या रस्त्यावरची आमची वस्ती, आणि वस्तीत दीड खोलीची ती शाळा. चांगुणाबाईची नात पूजा तिथंच दुसरीत होती. पूजाचे आईबाप चाकणला कंपनीत, पोर आजीकडं. मग कागद आला: पट वीसच्या आत, म्हणून शाळा बंद, पोरं गावातल्या मोठ्या शाळेत. मोठी शाळा तीन किलोमीटरवर, आणि ते तीनही किलोमीटर ज्या रस्त्यानं, त्याच रस्त्यानं गाळपाच्या दिवसांत उसाचे जोड-ट्रॉलीवाले ट्रॅक्टर जातात. ड्रायव्हरनं मागं बघायचं ठरवलं तरी त्याला मागचं दिसत नाही.

यज्ञेश्वर सर याच शाळेतून निवृत्त झालेले. सर बोलतात तेव्हा प्रत्येक वाक्याच्या शेवटी पूर्णविराम ऐकू येतो. त्यांनी विधानसभेचं छापील कामकाज कुठून तरी मिळवलं आणि चांगुणाबाईच्या ओट्यावर बसून वाचून दाखवलं.

"बाई, लहान शाळांचं अनुदान कमी करणारा प्रस्ताव मताला आला. आवाजी मतदान झालं. आपले आमदार काकासाहेब सभागृहात होते. दहा मिनिटं आधी त्यांनी कारखान्याच्या रस्त्यावर प्रश्न विचारल्याचं छापलेलं आहे. शाळेवर मात्र एक शब्द नाही. विरोध नाही, मतविभागणीची मागणी नाही."

"म्हंजी ते व्हय म्हणले का न्हाई म्हणले?"

"ते लिहीत नाहीत. सगळे एकदम ओरडतात. ज्या बाजूचा आवाज मोठा, ती बाजू जिंकते."

"आमच्या पोरांवानी? खिचडी का भात म्हणल्यावर?"

"तंतोतंत."

"मंग त्येंना इचारायचं कुनी?"

सर चष्मा पुसत म्हणाले, "उमेदवारानं विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. मतदाराला नुसता नमस्कार मिळतो."

एवढ्यावर ती विधानसभेला उभी राहिली. अपक्ष. डिपॉझिट सरांनी भरलं. प्रचार म्हणजे ती आणि सर, सरांची मोपेड आणि एकच वाक्य. बाजारात, एसटी स्टँडवर, चारा छावणीसारखी गर्दी जमलेल्या लग्नात, सगळीकडं कंबरेवर हात ठेवून: "काकासाहेबांनी सांगावं. शाळंचा पैसा कापताना व्हय म्हणलात का न्हाई?" लोक हसायचे, पण पुढच्या गावाला जाऊन तेच विचारायचे. आमदाराच्या गाडीमागं पोरं ओरडत पळायची. दोन आठवड्यांत त्या वाक्याला असे पाय फुटले, की काकासाहेबांना आमच्या गावात सभा घ्यावी लागली.

काकासाहेबांचा आवाज काढायला सगळ्यात सोपा. पंगतीत आग्रह करणाऱ्याचा आवाज. 'अजून एक घ्या' म्हणावं तसं ते सगळंच म्हणतात.

ग्रामपंचायतीसमोर सभा भरली. चांगुणाबाई मधोमध उठली आणि प्रश्न टाकला. मागून पोरांनी साथ दिली.

"बसा, चांगुणाताई, बसा," काकासाहेब म्हणाले. "दम लागला असंल, बरं का. ताईंना पानी द्या. ताई, तिथं आवाज असतो, नाव नसतं. कोन काय म्हणलं, देवाला ठावं."

"देवाला कशाला? तुमास्नी ठावं न्हाई?"

हशा झाला. हा हशा तिचा होता. मी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं; निवडून आल्यासारखी दिसत होती.

काकासाहेबही हसले. खिशातून एक घडी केलेला कागद काढून त्यांनी तो सरळ केला. "तिथलं ऱ्हाऊ द्या. हितलं बघू. हा आपल्या ग्रामसभेचा ठराव. 'टेकाडवस्ती शाळेची मुले मोठ्या शाळेत सामावून घेण्यास ग्रामसभेची हरकत नाही.' खाली सह्या. पहिली सही, बरं का मंडळी, चांगुणा भीमा उगले. ताई, तुमचीच का?"

आमच्याकडं ग्रामसभा कशी होते ते सांगायला हवं. आल्याआल्या रजिस्टरवर सही करायची, हजेरी म्हणून. मग चहा, मग जिलेबी, मग घर. ठराव ग्रामसेवक नंतर सवडीनं लिहितो, सह्यांच्या वर सोडलेल्या कोऱ्या जागेत. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणालाच वावगं वाटत नाही. चांगुणाबाई तर सगळ्यांच्या आधी सही करायची. पूर्वी तिचा अंगठा असायचा. पहिलीतल्या पोरांनी चुलीपुढच्या राखेत तिला नाव गिरवायला शिकवलं, तेव्हापासून ती रजिस्टर दिसलं की पदर सावरून पुढं व्हायची.

तिनं कागद हातात घेतला. नावावर बोट ठेवलं.

"व्हय," ती म्हणाली. "माझीच हाय. पन तवा वर कोरं हुतं."

"कोरं हुतं!" काकासाहेबांनी माईक जवळ घेतला. "कोऱ्या कागदावर सही करनाऱ्या ताईंना विधानसभेत धाडायचं म्हणतायसा? तिथं लई कागद असत्यात, बरं का!"

त्या कागदावर आणखी चाळीस सह्या होत्या. ते चाळीस जण सगळ्यात मोठ्यानं हसले. सर उठून "हजेरी आणि ठराव यांतला फरक..." एवढं म्हणाले आणि पूर्णविरामाच्या आधीच बँड सुरू झाला.

"तिनंच दिली की शाळा," कडूबाई घरी जाताना म्हणत होती. कडूबाईची सही बाराव्या नंबरला होती.

निकाल लागला. साऱ्या मतदारसंघातून तिला तीनशे बारा मतं, आणि वस्तीतल्या नव्वदांपैकी सहा. "सहा कोन ते मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "बाकीचे बी म्हाईत हाईत." तेवढंच. पळा नसलेला हात तिनं नुसता खाली सोडला होता.

पंधरा दिवसांत शाळेला कुलूप लागलं. चौदा पोरांपैकी तिघांना आईबाप ऊसतोडीला घेऊन गेले, दोघी घरी बसल्या. उरलेल्या नऊ जणांना चांगुणाबाई रोज चालत न्यायची, स्वतः रस्त्याच्या बाजूनं, पूजाचं मनगट मुठीत. ट्रॉली आली की सगळ्यांना बाभळीत ढकलायची. "मरा हिकडं!" म्हणायची. महिन्याभरात पूजाला तापच भरला, रस्ता म्हणलं की रडायची.

जानेवारीत गाडी आली. पांढरी, नवी. दारावर काकासाहेबांचा हात जोडलेला फोटो आणि खाली: 'लाडक्या विद्यार्थ्यांसाठी मोफत शाळावाहिनी. आमदार साहेबांच्या अथक प्रयत्नांतून.' नारळ फुटला. काकासाहेब म्हणाले, "आधी आपल्या चांगुणाताईंची नात बसंल, बरं का. आपल्याकडं राग न्हाई."

सगळे तिच्याकडं बघत होते. सर मान खाली घालून उभे होते. रस्त्यावरून एक जोड-ट्रॉली गेली, जमीन हलली, आणि पूजा आजीच्या लुगड्यात शिरली.

चांगुणाबाईनं तिला उचललं आणि गाडीत ठेवलं.

फोटोवाला म्हणाला, "मावशी, अश्याच थांबा. साहेबांकडं बघा. जरा हसा की."

फोटो निघेपर्यंत ड्रायव्हर गाडी सुरू करणार नव्हता. ती हसली.