मनुकांचा रस

आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं; येशूच्या स्मरणार्थ सगळे पावाचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस घेतात. तो रस कित्येक वर्षं माझी बायको करायची. शनिवारी सकाळी काळ्या मनुका भिजत घालायची, संध्याकाळी उकळून, कुस्करून पांढऱ्या फडक्यातून गाळायची. मी बाहेरच्या खोलीत वाचत बसलेला असायचो. घरात तो गोडसर वास पसरला की उद्या पहिला रविवार, एवढं मला कळायचं. त्या कामाशी माझा संबंध तेवढाच.

ती गेल्या उन्हाळ्यात गेली. दफनानंतरच्या आठवड्यात पाळकसाहेबांनी हळूच विचारलं की आता रसाचं कुणाकडे द्यायचं. मी म्हणालो, मीच करणार. चर्चमधल्या बायका मदतीला येतो म्हणाल्या, त्यांना मी जरा तुटकपणेच नको म्हणालो. तिच्या साड्या नणंदाभावजयांनी वाटून घेतल्या होत्या. हे एक काम तिचं म्हणून उरलं होतं आणि त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू नये असं मला वाटत होतं. लोकांना मी सांगितलं की ही माझी सेवा.

मनुका राजारामपुरीच्या बाजारातून आणल्या, भिजवल्या. संध्याकाळी वाटलं, तासभर पातेलं ढवळत कशाला बसायचं, कुकरात तीन शिट्ट्यांत मऊ होतील. आमच्या घरी रविवारचं मटण शिजायचं तोच हा कुकर. मी तो घासून घेतला, झाकणाची रबरी रिंगही पुसली. रसाला रंग सुरेख आला. मी तो चाखला नाही. खरं तर आमच्यात असा काही नियम नाही. पण जन्मभर ज्या गल्लीत राहिलो तिथे नैवेद्य कुणी आधी चाखत नाही, आणि ते माझ्या मनात नकळत मुरलं असणार. प्रभूच्या मेजावर जायच्या आधी आपण तोंड लावायचं नाही, असं मी ठरवलं. ठरवल्याचा थोडा अभिमानही वाटला.

रविवारी छोट्या पेल्यांचे ट्रे बाकांवरून फिरले. पाळकसाहेबांनी वचन वाचलं आणि सगळ्यांनी एकदम पेला तोंडाला लावला. आधी मला कांदा-लसूण चटणीचा वास आला, मग गोडी, मग घशाशी बारीक तिखट. मला वाटलं, माझ्याच पेल्यात काही तरी झालंय. तेवढ्यात मागच्या बाकावर कुणी तरी खोकला दाबला. पाळकसाहेबांनी डोळे मिटले होते, ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ मिटलेले राहिले. सगळ्यांनी पेले रिकामे केले. मग गीत सुरू झालं. मी गीताचं पान शोधत राहिलो.

त्याच पेल्याचा अर्थ मी घरोघरच्या प्रार्थनासभांत वर्षानुवर्षं समजावून सांगत आलो होतो, बायबलची तीन-तीन भाषांतरं पुढ्यात घेऊन. आणि आता प्रभूच्या स्मरणाला लोकांच्या जिभेवर माझ्या घरच्या रश्शाचा वास होता. तिच्या इतक्या वर्षांच्या कामाचं मी तीन शिट्ट्यांत हसं केलं होतं.

बाहेर लोकांना तोंड दाखवायला नको म्हणून मी मागच्या खोलीत पेले धुवत राहिलो. तिथे आमच्या चर्चमधली एक म्हातारी बाई आली. ती शहराबाहेर कळंब्याकडे दोन म्हशी सांभाळून राहते. प्रभुभोजनाचा पाव कापायला ती माझ्या बायकोच्या जोडीला असायची.

“सर, कुकरात केलासा न्हवं?”

मी मान डोलावली.

“वाटलंच मला. त्या रिंगीचा वास सात पाण्यानं धुतला तरी जात न्हाय.” ती स्टुलावर टेकली. “असू दे. देवाला कळलं तरी, मंडळी कोल्हापूरची हाय म्हणून.”

ती हसली. मला हसता आलं नाही. मी म्हणालो, पुढच्या महिन्यापासून हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या. तिने एक पेला पदराने पुसला, उजेडात धरून पाहिला आणि खाली ठेवला.

“पयल्या बारीला तिनंबी करपवलं हुतं. कडू जहर. हितंच हुबी राहून रडली. मी म्हटलं, बया, समद्यांनी पिलंय, आता रडतीस कशाला?”

मी हे कधी ऐकलं नव्हतं. आमच्या लग्नाला तेव्हा दोनतीन वर्षं झाली असतील. मी विचारलं, त्या दिवशी मी चर्चला होतो का?

“हुतासा की. पयल्या बाकावर. तुमीबी पिलासा.”

मी आठवून पाहिलं. तो कडूपणा आठवेना, तिचे सुजलेले डोळे आठवेनात. घरी येऊन तिने जेवायला वाढलं असणार, मी ताटाशेजारी पुस्तक उघडं ठेवलं असणार. आज लोक माझ्या चुकीवर मायेने गप्प बसले होते. त्या दिवशी मीही गप्पच होतो, पण मला कसली चवच लागली नव्हती. तिला बहुधा ते माझं समजूतदारपण वाटलं असेल. हा विचार आला आणि मी धुतलेलाच पेला पुन्हा नळाखाली धरला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी ती बाई घरी आली. मी तिला बोलावलं होतं, आणि बोलावताना मला दोनदा वाक्य अर्धवट सोडावं लागलं होतं. तिने कुकर बाजूला सारला, स्टीलचं पातेलं चढवलं आणि मला मनुका हाताने कुस्करायला लावल्या. गाळून झाल्यावर चमचाभर रस माझ्यापुढे धरला.

मी म्हणालो, “मेजावर जायच्या आधी?”

“ती चाखायची. न चाखताच माणसांच्या फुडं ठिवायचं व्हय?”

मी चाखला. गोड होता, आणि गिळल्यावर मागे सालीचा थोडासा तुरटपणा राहिला. तिच्याही रसात तो असायचा का? महिन्याच्या महिन्याला मी तिच्या शेजारी बसून तो प्यायलो होतो, आणि मला सांगता येत नव्हतं. मी चमचा पुन्हा पातेल्यात बुडवला.