आप्पांनी मला न दिलेला फोटो

ज्याचा मनापासून हेवा करावा, असा माणूस तुम्हांला भेटला आहे का? मला भेटला. कुणाचाही फोटो हाती आला की ते आधी उलटा धरत, डोंगर वर आणि आभाळ खाली, आणि म्हणत, "आता बघू, तोल हाय का न्हाय."

निपाणीच्या तंबाखूच्या वखारवाल्या जैन घरातले ते. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणत असू. वखार भावांवर सोपवून ते कॅमेरा घेऊन रानोमाळ हिंडत.

बेळगावात एका फ्रेमवाल्याच्या माडीवर आम्ही छांदिष्ट मंडळी रविवारी जमत असू. प्रवासात काढलेले फोटो बिननावाचे टेबलावर मांडायचे, प्रत्येकाने मत द्यायचे, आणि ज्याचा फोटो त्याने सगळ्यांचे होईपर्यंत तोंड उघडायचे नाही, असा रिवाज. पण आप्पांचा फोटो लपत नसे. जांबोटीचे धुके मी टिपले, की पिंजलेला कापूस दिसे. त्यांनी टिपले, की माडीवरची माणसे उपरणे ओढून घेत.

मी पत्रके वाचून पेटलेला. एकदा ठणकावून सांगितले, की देश गुलामीत असताना झाडे आणि धुके टिपणे ही निव्वळ चैन आहे. आप्पांनी सगळे ऐकून घेतले आणि माझ्या हाताकडे बोट केले.

"आन् ह्यो कॅमेरा कुठल्या खादीचा रं?"

माडी हसली.

ज्याला आवडेल त्याला ते फोटो देऊन टाकत. फ्रेमवाल्याला दिले, चिकोडीच्या एका मास्तरांना दिले, स्टेशनवरच्या चहावाल्यालासुद्धा दिला. जांबोटीचा तो फोटो मीही मागितला, मान खाली घालून.

"तुला न्हाय द्यायचा," ते म्हणाले. "तुझ्या भिंतीवर माझा लागला, तर तू जांबोटीला कशाला जाशील?"

चहावाल्याला फोटो आणि मला उपदेश.

मग लढाई आली आणि रेल्वेचे पूल टिपायला मनाई झाली. लोंढा स्टेशनाजवळ आप्पांनी एक दरी टिपली. कोपऱ्यात पूल होता. त्यांना दिसली होती ती फक्त दरीत उतरलेली ढगाची सावली. पोलीस कॅमेरा घेऊन गेले, आणि ज्या काचांवरून फोटो छापतात त्या साऱ्या काचाही. आप्पांना कोठडी. सरकारविरुद्ध पत्रके लिहिणारा मी बाहेर, आणि ढगामागे धावणारा माणूस आत. तेव्हाही मी जळलोच.

सुटून आले ते खोकत. रविवारी येत, पण आपला एकही फोटो मांडत नसत. काचांचे काय झाले, असे विचारले की म्हणत, "ते ऱ्हाऊ दे. तुझा दाखव." पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. काचा मागायला मी पोलीस ठाण्यावर गेलो, तर त्या फुटल्या, असे सांगण्यात आले. कुणी फोडल्या, हे सांगण्यात आले नाही.

म्हणजे आता उरले ते त्यांनी वाटलेलेच फोटो. ते तुमच्याकडे आहेत, माझ्याकडे एकही नाही.

निपाणी, चिकोडी, बेळगावकडच्या वाचकांनो, भिंतीवर बिननावाचा एखादा डोंगर असेल, तर तो फ्रेमवाल्याच्या माडीवर आणा. त्यावरून आम्ही नवी काच करू आणि फोटो तुमच्यादेखत परत देऊ. दिवाळीच्या रंगसफेदीची वाट पाहू नका. उन्हाने तो रोज थोडा फिकट होतो आहे. याच रविवारी आणा.