महादेवाच्या पेटीतलं टोकन

एकाहत्तर साली देशाच्या संरक्षणव्यवस्थेला भेडाघाटच्या टेकडीवर एक भोक पडलं होतं. ते मी पाडलं होतं.

हिवाळ्याचे दिवस होते. लढाई आज लागते की उद्या, एवढाच प्रश्न उरला होता. मी जबलपूरला फॅक्टरीत लेथ चालवणारा टर्नर होतो. (तिथे काय बनायचं हे मी आजही सांगणार नाही. तेव्हा तशी ताकीदच होती. आमच्या घमापूर वस्तीतलं शेंबडं पोरही सांगेल, ते वेगळं!) बारा-बारा तासांची पाळी, रविवार नाही, सण नाही. आणि या सगळ्याच्या केंद्रस्थानी होतं माझं टोकन.

टोकन म्हणजे रुपयाएवढी पितळी चकती, त्यावर माझा नंबर ४१७३. सकाळी अरुंद गेटातून रांगेनं आत जायचं. डाव्या हाताला कमरेच्या उंचीवर लोखंडी पेटी, तिला उभी फट. फटीत टोकन टाकलं की हजेरी लागली. संध्याकाळी ते खात्यात परत मिळायचं, ते खिशात घालून घरी यायचं. ते हरवलं तर लेखी जबाब, चौकशी, आणि त्या वर्षी तर थेट संशय! साहेबांनी आम्हाला मैदानात उभं करून सांगितलं होतं, "टोकन खोया, मतलब दुश्मन को चाबी दे दी." मी हे इतकं मनाला लावून घेतलं, की शत्रूचा हेर माझ्या टोकनावर आत शिरून माझ्याच लेथवर काम करतो आहे असं स्वप्न मला पडलं. मी ते आमच्या मिस्त्रींना सांगितलं. ते म्हणाले, "चलो, कोणी तरी नीट काम करेल."

अशात सहा आठवड्यांनी एक रविवार सुटीचा मिळाला, आणि नेमके त्याच वेळी अमरावतीहून सासरे आले होते. अण्णा शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. माणूस मऊ, बोलणं कमी, काखेत सदैव चित्रांची वही. त्यांना भेडाघाटचं चौसष्ट योगिनींचं देऊळ पाहायचं होतं. मी जावई, शिवाय जबलपूरकर. म्हणालो, "दाखवतो की! दगड न् दगड पाठ आहे मला."

(मी तिथे एकदाच गेलो होतो. शाळेच्या सहलीबरोबर. त्यातही पायऱ्यांशीच बसून पेरू खाल्ले होते.)

शंभरावर पायऱ्या आहेत. माझी बायको शालू पुढे, मध्ये अण्णा, मागे मी, माहिती देत. माहिती संपली तेव्हा पायऱ्या निम्म्याही झाल्या नव्हत्या, म्हणून उरलेल्या पायऱ्यांवर मी नवी माहिती तयार केली. वर पोचलो, बूट काढले, आणि आत शिरायच्या अरुंद दाराशी रांगेत लागलो. रविवारची गर्दी. माझा आवाज आपोआप चढला.

"अण्णा, मी इथं दर वेळी अख्खा रुपया टाकतो!"

"दर वेळी म्हणजे कधी हो?" शालूनं न वळता विचारलं.

मी खिशातून रुपया काढला, चार लोकांना दिसेल असा वर धरला आणि कपाळाला लावला. तेवढ्यात मागून धक्का आला, "चलो भैया, आगे बढ़ो!" अरुंद दार. रांग. डाव्या हाताला कमरेच्या उंचीवर लोखंडी पेटी. तिला उभी फट! अकरा वर्षांची सवय होती हो! मी डोळे मिटले, रुपयासकट हात खिशात गेला, बाहेर आला, फटीशी गेला. आत 'टण्' झालं. मी कृतार्थ होऊन आत पाऊल टाकलं. पेटीशी बसलेले पुजारी माझ्याकडे बघून गालात हसले. मला वाटलं, माझी भक्ती त्यांना भिडली.

आत गेलो आणि अण्णा थांबलेच. मोठं गोल अंगण, मधोमध महादेवाचं देऊळ, आणि सभोवार भिंतीतल्या कोनाड्यांत योगिनी बसलेल्या. मी हात पसरून म्हणालो, "मोजून चौसष्ट!" आणि उन्हात जाऊन बसलो. अर्ध्या तासानं अण्णा आले.

"जावईबापू, कोनाडे एक्याऐंशी भरले."

"चौसष्ट, अण्णा. नावातच आहे न."

"मी मोजले न पण."

"गोल आहे हे. सुरुवात कुठून केली ते कळत नाही. काही दोनदा मोजले असतील."

"सुरुवातीला मी चष्म्याचं घर ठेवलं होतं," अण्णा नम्रपणे म्हणाले.

यावर मी, जेवायची वेळ झाली, असं जाहीर केलं.

खाली घाटावर शालूनं डबा उघडला. पुऱ्या, बटाट्याची भाजी, शिरा. समोर नर्मदा. मी फुटाणे विकत घ्यायला खिशात हात घातला, आणि हाताला रुपया लागला. तोच रुपया! मग देवाला काय टाकलं? दुसरा खिसा पाहिला. शर्टाचा पाहिला. पँटचा उलटा केला. टोकन कुठेच नव्हतं.

उद्या सकाळी सातची पाळी. आणि टोकन महादेवाकडे!

अण्णांसमोर सांगायची सोय नव्हती. टोकन गेल्याचं दुःख होतंच, पण ज्या रुपयाची मी दवंडी पिटली तो माझ्याच खिशात निघाला, हे सांगायचं कोणत्या तोंडानं? मी उठलो.

"मी जरा वर जाऊन येतो. मफलर राहिला."

"गळ्यात आहे तो काय आहे?" शालू.

"दुसरा."

"दुसरा कधी घेतला?"

"अगं होता एक." बोलता बोलता मी शिऱ्याचा मोठा गोळा पानात बांधत होतो. पेटीला कुलूप असणार, काडीच्या टोकाला काही तरी चिकट पाहिजे, हे माझ्यातल्या कारागिरानं तेवढ्यात हेरलं होतं.

"शिरा काहून नेऊन राहिले?"

"चढताना भूक लागते मला."

त्या पायऱ्या मी दुसऱ्यांदा चढलो. या वेळी माहिती सांगायला श्वास नव्हता. वर दार जवळजवळ रिकामं होतं. पुजारी जेवायला गेले होते. पेटी होती, कुलूप होतं. मी एक लांब काडी शोधली, टोकाला शिऱ्याचा गोळा थापला, गुडघ्यावर बसलो आणि काडी फटीत घातली. ढवळली. काही तरी चिकटलं! हळूच वर ओढलं, तर पाच पैसे आले. परत टाकले. (चोरी करायची नव्हती मला!) पुन्हा ढवळलं, दहा पैसे आले. तेही परत टाकले. तिसऱ्या खेपेला काडी फटीत अडकली, आणि माझ्या मागे एक खणखणीत आवाज आला.

"हाय राम! भगवान की पेटी में से निकाल रहा है! वो भी हलवा लगा के!"

मागे एक आजीबाई उभ्या होत्या. कमरेवर हात, मागे सगळं कुटुंब. बघता बघता पंधरा-वीस माणसं जमली.

"कहाँ के हो?" एकानं दरडावलं.

"घमापुर."

"करते क्या हो?"

इथे मी ताठ झालो. अनोळखी माणसाला कामाबद्दल अक्षर बोलायचं नाही, अशी आम्हाला सक्त ताकीद होती. मी छाती पुढे काढली (हातात शिरा लागलेला होता) आणि म्हणालो, "वो मैं नहीं बता सकता!"

"इस पेटी में तेरा है क्या?"

"वो भी नहीं बता सकता!"

"पुलिस को बुलाओ रे," आजीबाई शांतपणे म्हणाल्या.

नेमक्या याच वेळी, पुन्हा एकदा कोनाडे मोजावे म्हणून अण्णा, आणि माझा दुसरा मफलर बघावा म्हणून शालू, असे दोघे दारात आले. शालूनं आधी काडी पाहिली, मग शिरा ओळखला, आणि मग मला.

"ये कौन है, बेटी? तुम जानती हो इसको?" आजीबाईंनी विचारलं.

शालू इतका वेळ विचार करत राहिली, की मला तिची भीती वाटायला लागली.

"मेरे मिस्टर हैं," ती शेवटी म्हणाली. "सुबह तक ठीक थे."

"अगं शालू, तिथं माझं टोकन पडलं!" मी कोसळलो. सगळं सांगून टाकलं. हात, खिसा, सवय, रुपया, सगळं. अण्णा खाली मान घालून ऐकत होते. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, लेकीच्या नशिबाला रडताहेत.

तेवढ्यात हात धुऊन पुजारी आले. त्यांनी गर्दी पाहिली, मला पाहिलं, आणि फक्त एक शब्द विचारला. "टोकन?"

"आपको कैसे पता?"

"जब से ओवरटाइम चालू हुआ है, हर छुट्टी को एक-दो आते हैं. दरवाज़ा देखा, पेटी देखी, हाथ चल गया. मैंने तो आपको देखा भी था."

"फिर बोले काहे नहीं महाराज?"

"सब दस कदम में लौट आते हैं. मैंने सोचा आप भी लौटेंगे. आप तो पूरा दर्शन करके खाना खाने चले गए!"

"अच्छा, फैक्टरी का आदमी है!" आजीबाईंचा चेहरा एकदम उजळला. "पहले बोलना था न! हमारा दामाद भी वहीं है." आणि आमच्या फॅक्टरीत काय बनतं, किती मोठं बनतं आणि कुठल्या रुळावरून बाहेर जातं, हे त्यांनी अण्णांना सविस्तर सांगितलं. मी कानांवर हात ठेवले. एका हाताला शिरा होता हे मग लक्षात आलं.

पेटीची किल्ली पुजाऱ्यांकडे नव्हती. देवस्थानचा माणूस रविवारी चार वाजता येऊन चारचौघांसमोर उघडायचा. आमची बस पाचची, आणि रात्री ब्लॅकआउटच्या तालमीला दिवे जायच्या आत घर गाठायचं. तीन तास थांबणं भाग होतं.

"चला," अण्णांनी माझा दंड धरला. "आता तुम्हाला देऊळ दाखवतो."

आणि खरं सांगतो, त्या दिवशी मी देऊळ पाहिलं ते तेव्हा. अण्णा एकेका योगिनीपुढे थांबायचे, नुसतं बोट दाखवायचे. कुणाचं नाक गेलेलं, कुणाचे हात गेलेले, आणि तरी बसण्यात काय तो तोरा! एकीचा हात दंडापासून तुटला होता, पण दंडावरचं कडं शाबूत होतं. मी इंचाच्या हजाराव्या भागात काम करणारा माणूस. सवयीनं त्या कड्यावरून नख फिरवलं. कुठे अडकलं नाही. हजार वर्षांपूर्वी, लेथ नाही, मापाला गेज नाही, छिन्नी आणि हात! माझ्या हातून हे दगडात सोडा, लोण्यातही झालं नसतं.

"कुणी केलं असेल हो?" मी विचारलं.

"नाव नाही कुठं," अण्णा म्हणाले. "नंबरही नाही."

मग आम्ही मधल्या देवळात गेलो. महादेव पार्वतीला घेऊन नंदीवर बसून निघाले आहेत. मी हात जोडून पार्वतीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. नवऱ्याबरोबर प्रवासाला निघालेल्या बाईची सगळी शांतता त्या दगडात होती. मी शालूकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ती शांतता नव्हती.

"एवढं सुंदर आहे हे, आणि आपण कधी आलोच नाही," मी तिला म्हणालो.

"टोकन टाकलं नसतं तर आजही पाहिलं नसतं," ती म्हणाली. पण हसली.

चारला पेटी उघडली. आजीबाई साक्षीला पहिल्या रांगेत. चिल्लर ओतली, आणि तिच्यात एक टोकन चमकलं. शिऱ्यासकट.

"नंबर बोलो," पुजारी म्हणाले.

मी आजूबाजूला पाहिलं. "कान में बोलूँ?"

"इकतालीस तिहत्तर!" आजीबाई ओरडल्या. "यहाँ से दिख रहा है!"

पुजाऱ्यांनी टोकन पुसून माझ्या तळहातावर ठेवलं. "और महादेव का रुपया?" मी खिशात हात घातला, तसं शालूनं माझं मनगट धरलं, मूठ उघडायला लावली, आत रुपयाच आहे हे तपासलं, आणि मगच हात फटीकडे जाऊ दिला.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला मी फॅक्टरीच्या रांगेत होतो. आज चूक नाही! टोकन दोन्ही हातांत घट्ट धरलेलं. डोळे उघडे. पेटी आली. मी नंबर वाचला, दोनदा वाचला, फटीत टोकनच टाकलं. आतून तो ओळखीचा 'टण्' आला, आणि कालपासून छातीवर असलेला दगड उतरला. देश वाचला! त्या समाधानात मी डोळे मिटले, हात जोडले, पेटीपुढे वाकलो, आणि तीर्थासाठी उजवा तळहात पुढे केला.

तीर्थ आलं नाही. डोळे उघडले तर समोर गेटवरचा जवान. तो बराच वेळ माझ्या तळहाताकडे पाहत राहिला, मग त्याची नजर सावकाश खाली गेली.

"महाराज," तो म्हणाला, "जूते?"

मी खाली पाहिलं. पायांत बूट नव्हते. गेटाबाहेर, भिंतीशी, मी ते जोडीनं नीट काढून ठेवले होते.