रुसलेली फूट

आश्विनातल्या छाटणीनंतर द्राक्षवेलीला नव्या फुटी येतात. ज्या फुटीत घड निघत नाही, तिला बागाईतदार 'वांझ फूट' म्हणतात. माझ्या कृषी पदवीच्या पुस्तकांतही तोच शब्द होता. अमडापूरजवळच्या एका द्राक्षबागेत मी देखरेखीला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मजूर बायांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "प्रत्येक वेलीच्या वांझ फुटी मोजा."

मांडवाखालून पंचफुलाबाई नावाच्या मजूर बाईचा आवाज आला, "मॅडम, आमी तिले रुसलेली म्हंतो."

"काऊन?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

"तिचा का गुन्हा हाये? चैताच्या छाटणीनंतर काडीले ऊन भेटलं नसन. तवाच डोळ्यात घड धरला नाई, तं आता ती देईन कुठून?"

फळ आश्विनात दिसतं, पण ते उन्हाळ्यातच काडीच्या डोळ्यात, म्हणजे अंकुरात, ठरलेलं असतं, हे मी परीक्षेत चार पानं भरून लिहिलं होतं. पंचफुलाबाईंनी ते दोन वाक्यांत सांगितलं.

पन्नाशीच्या, काटक. लुगड्यावर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा सदरा. काळ्या शरद जातीच्या ओळीत चुकून थॉमसनचा एखादा वेल लागला असेल, तर नुसत्या पानावरून ओळखायच्या. मणी ज्वारीएवढे झाले की विरळणी सुरू व्हायची. घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढून टाकायचे, म्हणजे उरलेले भरतात. बाकीच्या बाया बोलत बोलत काम करायच्या. पंचफुलाबाई विरळणीत गप्प असायच्या. नव्या बाईला एवढंच सांगायच्या, "घडाले खालून हात लाव. जो रायणार हाये त्याले धक्का लागू देऊ नको."

एका थंडीत त्यांची सोनाळ्याची नणंद भेटीला आली. सोबत तिची मुलगी करुणा, नर्सिंग शिकणारी. ती थेट बागेतच आली. "मामी, मले शिकव नं," म्हणून तिनं कात्री घेतली. पंचफुलाबाईंनी तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघींनी मिळून एक घड विरळला. एका घडाला दोन-तीन मिनिटं पुरतात. त्यांनी बराच वेळ लावला. मी मुकादमाला काही बोलू दिलं नाही.

पाहुण्या गेल्यावर त्या बांधावर बसून राहिल्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "माह्यी हाये ते. धाकली."

नणंदेला मूल नव्हतं. सासरची माणसं तिला नावानं हाकच मारत नसत, वांझोटी म्हणत. एकदा ती माहेरी आली ती परत जाईना. विहिरीवर जाऊन बसली. पंचफुलाबाईंना तेव्हा थोरली प्रज्ञा होती आणि दोन महिन्यांची करुणा. "म्या तिच्या वटीत घातली. कधी सांगणार नाई म्हून शबुद देल्ला."

मी पंचविशीची, शहाणी. त्यांना धीर द्यायला म्हणाले, "तुम्हीच सांगता ना, काही मणी काढल्याशिवाय बाकीचे भरत नाहीत. दोघी मुली चांगल्या वाढल्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. "घड रडत नाई, मॅडम," एवढंच म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

चार वर्षांनी त्यांच्या पोटात गाठ निघाली. बुलडाण्याच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते. प्रज्ञा नुकतीच बाळंत झालेली, तिला येता येईना. करुणा अकोल्याची नोकरी सोडून आठ दिवस उशाशी राहिली. मामीचं अंग पुसायची, वेणी घालायची, चमच्यानं पाणी पाजायची. मी रोज दुपारी जायचे. एकदा करुणा औषध आणायला गेली असताना मी म्हणाले, "आता तरी सांगा तिला."

"तिची माय जित्ती हाये, मॅडम. तिच्याजोळून मी काय हिसकू?"

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

पुण्यानुमोदनाला मी त्यांच्या गावी गेले. पांढऱ्या साड्यांतल्या बाया, त्रिशरण, पंचशील, मग जेवणं. भांडी घासायला करुणा मागच्या अंगणात बसली होती. मी तिच्याजवळ बसले. सांगावं की नाही, हेच मनात चाललं होतं.

तीच म्हणाली, "मॅडम, तुमाले माईत होतं नं?"

मी मान डोलावली.

"मले आठवीतच समजलं. गावात कोणी नं कोणी बोलतेच. पण मामीनं मायले शबुद देल्ला होता. मी कशी तोंड उघडू? दवाखान्यात आठ दिवस तिच्या तोंडाकडं पायत होती. वाटे, आज म्हनन. एकडाव तरी पोरी म्हनन." तिनं राखेचा हात कपाळाला पुसला. "तिले वाटलं असन, मले काईच माईत नाई."

दवाखान्यात मी त्या दोघींच्या मधल्या स्टुलावर बसत होते. एकीच्या मनातलं मला ठाऊक होतं. दुसरीला एकदा नुसतं विचारलं असतं, तरी पुरलं असतं. माझ्याशी बोलल्यानंतरही दोन दिवस पंचफुलाबाई शुद्धीवर होत्या.

ओसरीवरून नणंदेनं हाक मारली, "करुणा, गाडीचा टाइम झाला वं."

"आली माय," करुणा म्हणाली आणि हात धुऊन उठली.