त्रेचाळीस भागांतली आई

चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. आमच्या हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत नऊ वर्षं चादरीचं समोरचं टोक ताईच्या हातात असायचं. ती काही माझी सख्खी बहीण नव्हे. वयाने मोठी आणि त्या परक्या देशात माझी भाषा बोलणारी एकटीच, म्हणून ताई. रोलरमधून गरम चादर बाहेर आली की दोघींनी टोकं धरायची, झटकायची, जवळ यायचं, पुन्हा लांब व्हायचं. दिवसातून तीनचारशे वेळा तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर यायचा. तिचं काय चाललंय ते मला विचारावं लागत नसे.

ताईची आई मायदेशी एकटी राहायची. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली बाई. "आईचा आवाज ऐकून लोक भांडायचं विसरायचे," ताई सांगायची. निवृत्तीनंतर घर खायला उठलं, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीने तिला एका मालिकेत काम मिळालं. काम म्हणजे काय, तर शेजारीण. दार वाजवायचं, वाटीभर साखर मागायची आणि जाता जाता घरात भांडण लागेल असं एखादं वाक्य टाकून जायचं. दोन मिनिटांचा प्रसंग. पण लोकांना ती शेजारीण आवडली आणि बघता बघता तिचे त्रेचाळीस भाग झाले.

आई फोनवर विचारायची, "पाहिलंस का गं?"

ताईने पाहिलेलं नसायचं. चॅनेल आमच्याकडे दिसत नव्हतं. त्यांच्या ॲपवर मालिकेचं नाव दिसायचं, चित्र दिसायचं, बोट ठेवलं की काळी पाटी यायची: हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही. पण सत्तरीला टेकलेल्या आईला हे कसं सांगणार? ताई म्हणाली, "पाहिलं की! काय खणखणीत आवाज लागलाय तुझा!"

पलीकडे आईने फिरून विचारलं, "आवाज?" मग म्हणाली, "हो का? बरं झालं."

त्यानंतर दर आठवड्याला तेच. आई विचारायची, ताई कौतुक करायची. मी चादरीच्या पलीकडून म्हणायचे, "ताई, खरं सांगून टाक." ती म्हणायची, "सुट्टीला गेले की सगळे भाग तिच्या शेजारी बसून बघीन. मग कुठे खोटं राहिलं?"

सुट्टी मिळायच्या आधीच आई गेली. फोन आला तेव्हा आम्ही उशांचे अभ्रे मोजत होतो. ताईचे राहण्याचे कागद तेव्हा नूतनीकरणाला गेलेले. व्हिसाच्या ऑफिसातल्या बाईने स्वच्छ सांगितलं, "आत्ता देश सोडलात तर परत येता येणार नाही." ताई खुर्चीवर बसली, उठली, परत बसली. गेली नाही. या गोष्टीबद्दल तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

महिनाभराने तिच्या लक्षात आलं की तिच्याकडे आईचे फोटो आहेत, पण चालती-बोलती आई कुठेच नाही. दोघींचं सगळं बोलणं फोनवरचं, हवेत विरलेलं. आई हलताना, हसताना, बोलताना जगात एकाच ठिकाणी उरली होती. त्या काळ्या पाटीच्या मागे.

मग ती हात धुऊन त्या मालिकेच्या मागे लागली. कुणीतरी सांगितलं, एक ॲप घे, आपण दुसऱ्याच देशात आहोत असं दाखवता येतं. तिने ते घेतलं, पहिलाच भाग सुरू झाला, नावं यायला लागली, आणि चॅनेलच्या कंपनीने तिचं खातंच बंद केलं. आईच्या शेजारच्या काकूंना तिने गळ घातली. त्यांनी बिचाऱ्यांनी भाग लावून दुसऱ्या फोनने टिपायचा प्रयत्न केला. चाळीस सेकंद आले. त्यात आईची पाठ आणि दाराची कडी, आणि आई बोलायला तोंड उघडते तोच काकूंच्या सुनेने स्वयंपाकघरात मिक्सर लावला. ताईने ते चाळीस सेकंद किती वेळा ऐकले असतील! मिक्सरच्या घरघरीत कान घालून बसायची. काकूंना पुन्हा सांगायला तिची जीभ रेटेना. त्यांचे डोळे अधू झालेले, फोन धरताना हात कापायचा.

त्या मालिकेसाठी जीव टाकणारे ठिकठिकाणी होते. कुणी खाणीत, कुणी बोटीवर, कुणी परदेशात दिलेल्या मुली. त्यांचा एक गट होता आणि तो चालवायचे परदेशातच राहणारे एक निवृत्त मास्तर. त्यांच्या बायकोला सगळ्याचा विसर पडत चाललेला, फक्त या मालिकेतली माणसं तिला नावानिशी आठवत. मास्तरांनी अर्ज लिहिला: ही मालिका सगळ्या देशांत दाखवा. चौदा हजार सह्या जमल्या. त्यातल्या निम्म्या तरी ताईने गोळा केल्या असतील. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला आणि बोटं फोनवर. रोलरने भाजलेल्या बोटांना पडदा ओळखायचा नाही, तर ती मधल्या बोटाच्या पेराने लिहायची.

कंपनीचं उत्तर दर वेळी एकच यायचं: आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. लाँड्रीत त्याची थट्टा सुरू झाली. कुणी सुपरवायझरकडे रजा मागितली की बाकीच्या ओरडायच्या, "तुझं मत आमच्यासाठी मोलाचं आहे!" ताईसुद्धा हसायची. पहिले काही महिने.

दुसऱ्या वर्षी तिने हसणं सोडलं. एकदा ती कंपनीच्या तक्रार विभागाला फोन लावून पाऊण तास वाट बघत होती. मी शेजारीच होते. अखेर एक मुलगी बोलायला आली. ताईने काय काय बोलायचं ते कागदावर लिहून आणलं होतं. कागद हातातच राहिला. ती म्हणाली, "माझी आई तुमच्याकडे आहे हो."

"कोणत्या विभागात काम करतात त्या?"

"काम नाही करत. वारली ती. तुमच्या मालिकेत आहे. एकशे बाराव्या भागापासून. मला फक्त बघायचंय तिला. एक भाग दाखवा. अर्धा दाखवा."

 पलीकडची मुलगी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, माझ्या हातात असतं तर आत्ता दाखवला असता. मी फक्त नोंद करते." आणि तिने नोंद केली.

त्याच दुपारी ताईची वाफेची इस्त्री मेजपोशावर तशीच राहिली आणि तळघरभर धूर झाला. सुपरवायझर वाईट बाई नव्हती, पण तिलाही वर उत्तर द्यावं लागायचं. तिने ताईला मळके कपडे निवडायच्या खोलीत टाकलं. माझ्या समोरच्या टोकाला दुसरी आली.

आणखी सात महिन्यांनी मास्तरांचा निरोप आला. कंपनीने मालिका सगळ्या जगाला खुली केली होती. का, ते कुणालाच कळलं नाही. सह्यांमुळे म्हणावं तर पत्रकात सह्यांचा उल्लेखही नव्हता. ताई धावत माझ्याकडे आली. "चल. मला एकटीने नाही बघवायचं." मळक्या टॉवेलांच्या ढिगावर आम्ही दोघी बसलो. तिने एकशे बारावा भाग लावला. दार वाजलं. आई आत आली. बुटकी, चष्मा नाकावर घसरलेला, हातात वाटी. ताईने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होते.

आई बोलली. चिरका, नाकातला, लोकांना हसवायला काढतात तसला आवाज.

ताईने भाग मागे नेला. पुन्हा लावला. "ही आई नाही बोलत," ती म्हणाली. "ओठ तिचे आहेत. आवाज कुणा दुसरीचाच आहे."

जेवणाच्या सुट्टीत एकेक करत तिने त्रेचाळीसच्या त्रेचाळीस भाग पाहिले. सगळीकडे तोच आवाज. शेवटी काकूंना फोन केला. काकू आधी आढेवेढे घेत होत्या, मग बोलल्या. आईला तेव्हाच मोठ्याने बोलताना दम लागायला लागला होता, आवाज फाटायचा. पहिल्याच दिवशी मालिकेच्या साहेबांनी दुसऱ्या बाईला आवाज द्यायला बसवलं. आई घरी येऊन दोन दिवस जेवली नव्हती.

"मला का नाही सांगितलं तिने?"

"सांगणार होती गं," काकू म्हणाल्या. "पण तूच म्हणालीस ना, खणखणीत लागलाय म्हणून. तेव्हाच ओळखलं तिने, तू काही बघत नाहीस. मला म्हणाली, पोरीला दिसत नसेल तिकडे. मन राखते माझं. राखू दे."

ताईने फोन ठेवला आणि मळक्या चादरींच्या गाडीत तोंड खुपसून रडली. यंत्रांच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही, फक्त पाठ हलताना दिसत होती. म्हणजे ती दर आठवड्याला कौतुक करायची आणि पलीकडे आई ते खोटं आहे हे माहीत असूनही पुन्हा विचारायची, पाहिलंस का गं.

तिने कंपनीला आणखी एक पत्र लिहिलं: चित्रीकरणाच्या वेळचा मूळ आवाज आहे का? या वेळी उत्तर खरंखुरं होतं, कुणीतरी हाताने लिहावं तसं. मूळ आवाज ठेवला जात नाही, क्षमस्व.

मास्तरांच्या गटातून ती बाहेर पडली. मास्तरांच्या बायकोला मालिका दिसायला लागली होती, ते आभार मानत होते. ताईने उत्तर दिलं नाही. महिनाभर ती जेवणाच्या सुट्टीतही मळके कपडेच निवडत राहिली. मग एका दुपारी माझ्याकडे आली, फोन पुढे केला. आवाज पूर्ण बंद होता.

"ओठ बघ. आई लिहून दिलेलं बोलत नाहीये. मनाचं घालतेय."

तेव्हापासून आम्ही रोज दोन मिनिटं आवाज बंद करून आईच्या ओठांकडे बघतो आणि जे लागेल ते ताई वहीत उतरवते. काही ठिकाणी शब्द स्पष्ट लागतात, काही ठिकाणी दोघींचं भांडण होतं. एकतिसाव्या प्रसंगात आई दारातून परत वळते आणि काहीतरी पुटपुटते, त्यावर त्या दुसऱ्या बाईने आवाजच दिलेला नाही. मला वाटतं, ती "दमले" म्हणते. ताईला ते पटत नाही. ती म्हणते, पुन्हा लाव.